लंडनला ‘नाही’ म्हणणारा भारत

दुसऱ्या वर्षाला असताना एका एमयूएनमध्ये माझ्यापुढे ‘भारत’ लिहिलेलं प्लॅकार्ड होतं. अंगात मावसभावाचा ब्लेझर, खांद्यात सैल. कमिटी ऐतिहासिक होती : लंडन, जून १९९०, ओझोनचा थर वाचवण्याची परिषद. मी चहाच्या सुट्टीआधीच ठरावाला पाठिंबा दिला, ‘पृथ्वी सगळ्यांची आहे’ असं काहीतरी बोलले आणि बक्षीस घेऊन घरी आले.

घोळ असा, की खऱ्या भारताची भूमिका बरोब्बर उलटी होती. हे मला बऱ्याच दिवसांनी वाचताना कळलं.

फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंमुळे ओझोन नष्ट होऊ शकतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोन किती घटलाय ते दाखवलं, आणि दोनच वर्षांत माँट्रियल करार झाला. गरीब देशांना दहा वर्षांची सवलतही मिळाली. तरी भारत आणि चीन बाहेरच राहिले.

का? तेव्हा आपल्याकडे फ्रिज असलेलं घर म्हणजे गल्लीत भाव खाणारं घर. आईच्या माहेरी शेजारचे बर्फ मागायला यायचे. ज्यांनी अनेक वर्षं हे वायू हवेत सोडले, तेच आता पर्यायी रसायनं विकणार होते. मग आपण कारखाने बदलायचे ते कुणाच्या पैशाने?

या प्रश्नाला वजन होतं, कारण भारत-चीनमध्ये मिळून जगातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं राहत होती. त्या सगळ्यांनी उद्या सीएफसीवाले फ्रिज घेतले असते, तर बाकीच्यांची कपात पाण्यात. अमेरिकेचा निधीला आधी विरोध होता. परिषदेच्या तोंडावर तो मावळला, पण ‘हा पुढच्या करारांसाठी पायंडा नाही’ ही अट घालून. (ही अट वाचताना हवामानबदलाची आजची भांडणं आठवतात.) पर्यावरण खातं तेव्हा मनेका गांधींकडे होतं. त्यांनी पैसा आणि तंत्रज्ञान हे दोन्ही मुद्दे लावून धरले. शेवटी तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी ठरला. भारत आणि चीन आले तर आणखी ८ कोटी. आपलं नाव आकड्यातच लिहून घेतलं होतं! तरीही भारताने घाई केली नाही. करारात तो आला जून १९९२ मध्ये. पुढे जगातला प्रत्येक देश या करारात आला.

विद्यार्थ्यांच्या अशा परिषदा संयुक्त राष्ट्रांहून जुन्या आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकेतली मुलं राष्ट्रसंघाची नक्कल करायची. मला त्या आवडतात, अजूनही. पण तिथे दोन दिवसांत एकमत व्हावंच लागतं, कारण रविवारी संध्याकाळी बक्षीस समारंभ असतो. अडून बसणारा डेलिगेट तिथे सगळ्यांना नको असतो.

गेल्या वर्षी एका कॉलेजने मला चेअर म्हणून बोलावलं. मी हाच विषय दिला. भारताच्या जागी बसलेली मुलगी दीड दिवस एकच प्रश्न विचारत राहिली : पैसे कोण देणार? बाकीचे वैतागले. एकाने तर चिठ्ठी पाठवली, ‘मॅम, ती ठराव अडवतेय.’

माझ्या गुणपत्रिकेत वक्तृत्व, सहकार्य आणि शिष्टाचार असे तीनच रकाने होते. मी पेनाने चौथा आखला.