छावणीचा मीटर

देवळाली किंवा पुणे कॅम्पातली जुनी बराक ज्याने आतून पाहिली आहे, त्याला लष्करी इमारतींच्या ऊर्जेचा विषय अर्धाअधिक कळलेला असतो. जाड भिंती, उंच छप्पर, पुढेमागे व्हरांडा आणि छपरालगत झरोके, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जावी. अशा बराकीचा व्हरांडा बंद करून खोली काढली, झरोके बुजवले, फॉल्स सीलिंग ठोकले, की एसीवाचून गत्यंतर उरत नाही. पत्ता तोच, पण बिल वेगळे.

या ऊर्जेचा अभ्यास म्हणूनच हवामान आणि बांधकामापासून सुरू होतो. सुमारे 3500 मीटर उंचीवरच्या लेहला हिवाळ्यात विजेइतकीच चिंता रॉकेलची. बुखारी रात्रभर पेटती ठेवली, तरी पहारा बदलताना दार उघडतेच आणि ऊब निघून जाते. 2021 मध्ये लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर उबदार राहणारा तंबू करून दाखवला. लडाखात ऊन भरपूर. कसब आहे ते दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकवण्यात.

एवढे गणित अभियंत्याला जमते. अडते ते माणसांपाशी. क्वार्टर गार्डचा दिवा मालवत नाही, लंगर उजाडायच्या आत पेटतो, युनिट सरावाला गेले की अख्खी बराक ओस पडते. अशा वेळी दर चौरस मीटरला किती युनिट जळले, हा आकडा सरळसरळ फसवतो. (‘युनिट’ हा शब्दही इथे दोन अर्थांनी छळतो.) शिवाय पलटण काही वर्षांनी बदलते, इमारत एमईएस (मिलिटरी इंजिनीअर सर्व्हिसेस) सांभाळते, राहतो जवान आणि पैसे सरकारी तिजोरीतून जातात. वीज उच्च दाबाने एकगठ्ठा घेतली आणि आत इमारतवार मीटर नसले, तर उधळपट्टी नेमकी कुठे होते हे कळणार कसे? अमेरिकेने 2005 च्या कायद्याने लष्करासह केंद्र सरकारच्या इमारतींना, जमेल तिथे, 2012 पर्यंत मीटर बसवायला सांगितले, ते याचसाठी.

माझ्या मते भिंतीआधी ड्यूटीचा तक्ता वाचावा. काटकसर सुचवतानाही गस्तीवरून परतलेल्याच्या गरम पाण्याला हात लावू नये. आणि या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना एक विनंती: वीजबिले मागवण्याआधी तासभर सुभेदारसाहेबांपाशी बसा. पंप कधी चालतो आणि गिझर कोण चालू ठेवून जाते, हे त्यांना तोंडपाठ असते.