वाळूंतून निघालेली मोटार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्यापुढें प्रथम कागद उभा राहतो. १८९८ सालीं वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून बखर आणि अस्सल पत्र यांच्यांत विरोध आला असतां पत्राचा शब्द प्रमाण मानावा, हा दंडक आपल्याकडील अभ्यासकांच्या अंगवळणीं पडला आहे. बखर लिहिणारा लबाडच असतो असें नव्हे. परंतु घडलेल्या गोष्टीला तो नकळत शेवट जुळवून देतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनाला जो शेवट चटका लावतो तोच मागें उरतो. कागदाला असलेला हा अधिकार लोखंडालाहि पोचतो काय? वेल्स देशांतील एका मोटारीची हकीकत वाचतांना हा प्रश्न माझ्या मनांत आला, आणि त्याचें उत्तर होकारार्थी आहे असें मला वाटूं लागलें.

या मोटारीचा जन्म इंग्लंडांतील केंट परगण्यांत झाला. कॅंटरबरीजवळच्या हायम पार्क येथें काउंट लुई झ्बोरोव्स्की नांवाचा एक धनिक तरुण राहत असे. प्रचंड एंजिनांच्या मोटारी बनविण्याचा त्याला छंद होता. पहिल्या महायुद्धांत विमानांसाठीं तयार झालेलें बारा नळकांड्यांचें ‘लिबर्टी’ एंजिन त्यानें एका लांबलचक सांगाड्यावर चढविलें. त्याचें आकारमान २७ लिटर असून शक्ति सुमारें ४५० घोड्यांची होती. ही शक्ति मागल्या चाकांपर्यंत नेण्यासाठीं साखळ्या योजिल्या होत्या. आपल्या सायकलीला असते तशीच रचना, पण कितीतरी पटींनीं जड. १९२४ सालीं मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की दुसरी एक मोटार हांकीत असतां मरण पावला, आणि हें अजस्र धूड १२५ पौंडांस विकलें गेलें.

विकत घेणारा जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस हा मूळचा वेल्सकडचा, लेलंड मोटर्सचा एके काळचा मुख्य एंजिनियर. बापजाद्यांची दौलत त्याच्यापाशीं नव्हती. होती ती बुद्धि आणि हातांतली कला. त्यानें मोटारीची पुन्हां बांधणी केली, एंजिनाचे दट्टे स्वतः आखलेले बसविले, आणि तिचें ‘बाब्स’ असें घरगुती नांव ठेवलें. १९२६ च्या एप्रिलांत वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंडाईनच्या सपाट वाळूवर त्यानें ताशीं १७१ मैलांचा वेग गांठून जगाचा उच्चांक मिळविला. पुढल्या फेब्रुवारींत माल्कम कॅंबेल यानें त्याच वाळूवर १७४ मैलांची मजल मारून तो हिरावून घेतला. तो परत मिळवावा म्हणून थॉमस तेथें गेला, आणि ३ मार्च १९२७ रोजीं भरधांव मोटार उलटून जागच्या जागीं मेला. ज्या उच्चांकासाठीं प्राण गेला तोहि त्या महिन्यापलीकडे टिकला नाहीं. २९ मार्च रोजीं सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत २०० मैलांची मर्यादाच ओलांडली.

थॉमसचें शव ब्रुकलंड्सजवळील बायफ्लीट येथें पुरलें. मोटारीला त्याच्या मित्रांनीं पेंडाईनच्या वाळूंतच मूठमाती दिली. घोड्यानें धन्याबरोबर जावें, अशी कांहींशी ती भावना होती. पाठोपाठ बखर तयार झाली: साखळी तुटली, तिचा तडाखा थॉमसच्या मस्तकावर बसला, आणि मोटार निर्नायकी होऊन उलटली. या कथेंत एक बोधहि आयताच सांपडत होता. जुनाट साखळ्यांवर विसंबून नव्या वेगाचा हव्यास धरला, त्याचें हें फळ! ज्या मनुष्यानें जन्मभर यंत्रें आखलीं त्याच्या यंत्रविद्येवरच हा कायमचा ठपका बसला, आणि उत्तर देण्यास तो स्वतः नव्हता.

बेचाळीस वर्षें अशीं गेलीं. पुरलेल्या जागेवर दरम्यान सैन्याचें ठाणें झालें. १९६९ सालीं उत्तर वेल्समधील कॅपेल क्युरिग गांवचे ओवेन विन ओवेन यांनीं परवानगी मिळवून ती मोटार उकरून काढली. हे गृहस्थ एंजिनियरिंगचे अध्यापक. समाधि उकरणें योग्य काय, ही शंका कोणाहि सहृदय माणसास येईल. मलाहि ती आली. परंतु या समाधींत मनुष्य नव्हता. होता तो एक साक्षीदार, आणि त्याची जबानी कोणी घेतलीच नव्हती.

बाहेर निघालें तें मोटारीचें प्रेत होतें. खाऱ्या ओलाव्यांत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांस लागून राहिलीं म्हणजे त्यांच्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो. त्यांत ॲल्युमिनियम झिजत जातें आणि पोलाद त्या मानानें तगतें. ओवेन यांनीं हे अवशेष आपल्या घरीं नेले, आणि पुढील सुमारें पंधरा वर्षें त्या कामीं घालविलीं. घरगुती दुरुस्तीचा मार्ग कारखान्याहून वेगळा असतो. गंजून जाम झालेला नट जोरानें फिरविला तर बोल्ट तुटतो. म्हणून त्यावर तेल सोडावें, दिवस दोन दिवस मुरूं द्यावें, दिव्याच्या झोतानें तापवावें, निवूं द्यावें, आणि पुन्हां तेंच करावें. पत्र्याला गोलाई आणावयाची तर वाळूची पिशवी आणि लांकडी मोगरी पुरते. जो भाग खाऊन गेला आहे त्याचा उरलेला तुकडा हाच नमुना. त्यावरून लांकडी सांचा करून नवा भाग ओतावा. अशा कामांत मुख्य अवजार म्हणजे धीर, आणि तो विकत मिळत नाहीं.

या जातीच्या माणसांचा आणखी एक नमुना न्यूझीलंडांत होऊन गेला. इन्व्हरकारगिल येथील बर्ट मन्रो यानें १९२० सालची ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल नवी घेतली. तिचा मूळचा वेग ताशीं सुमारें ५५ मैल. पुढलीं सत्तेचाळीस वर्षें तो तिचे भाग घरींच बनवीत राहिला. जुन्या डब्यांत धातु ओतून तो सुटे भाग तयार करी, आणि सूक्ष्म मापें घेण्यास चाकाची जुनी तार वापरी. १९६७ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्यानें अमेरिकेंतील बॉनेव्हिलच्या मिठागरावर तिच्यावरून ताशीं १८४ मैलांचा उच्चांक केला. मन्रोला आपलें यंत्र पुढें न्यावयाचें होतें, ओवेन यांना मागें; साधनांच्या तुटपुंजेपणावर मात करणारी चिकाटी मात्र एकच.

हातानें एक एक खिळा सोडविणाराला जें दिसतें, तें दुरून पाहणाराला दिसत नाहीं. बाब्सचे अवशेष तपासल्यानंतर असें मत पुढें आलें कीं, अपघाताचें मूळ साखळींत नसून मागल्या उजव्या चाकांत असावें. चाक आधीं कोसळलें, आणि बाकीचें त्यामागून घडलें. हा निकाल न्यायालयाच्या निकालाइतका निःसंदिग्ध आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु बेचाळीस वर्षें ज्या कथेला कोणी प्रश्नच विचारला नव्हता, तिला लोखंडाच्या तुकड्यांनीं प्रश्न विचारला, हें थोडें नव्हे.

येथें एक आक्षेप येतो. इतके भाग नवे बसविल्यावर ही तीच मोटार म्हणावी काय? आपल्या वाड्याचे वासे पिढ्यान् पिढ्या बदलले जातात, कौलें नवीं येतात, तरी वाडा आजोबांचाच राहतो. कारण बदल करणारानें जुन्याचा मान राखलेला असतो. मात्र साधनांच्या अभ्यासकानें येथें सावध रहावें. दुरुस्त करणारा जेव्हां मोडका भाग फेंकून देतो, तेव्हां तो पुराव्याचें एक पानच फाडतो. म्हणून नवें काय आणि जुनें काय याची नोंद ठेवणें हें मोटार चालूं करण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. नाहीं तर दुरुस्तीचीच एक नवी बखर व्हावयाची.

ओवेन २०१२ सालीं वारले. त्यांच्या हयातींतच बाब्सचें एंजिन पुन्हां गर्जूं लागलें होतें, आणि ज्या किनाऱ्यावर तिला पुरलें होतें त्या पेंडाईनच्या संग्रहालयांत तिला स्थान मिळालें आहे. थॉमसला त्याचा उच्चांक कोणी परत देऊं शकत नव्हतें. त्याच्या कारागिरीवरचा ठपका मात्र, थोडा का होईना, पुसला गेला. आणि तो पुसला एका अध्यापकानें, आपल्या घरीं बसून, तेलकट हातांनीं.