चित्रावर तारीखच नसेल तर?

लॅबमध्ये सॅम्पलच्या बाटलीवर तारीख नसली, की गाइडची बोलणी खावी लागतात. कारण तारखेशिवाय त्या बाटलीला पुरावा म्हणता येत नाही. इतिहासात मात्र पुष्कळदा बाटली अशीच हाती येते. तेव्हा काय करायचं? आज नसरीन मोहमदी यांचं उदाहरण बघू.

नसरीन यांचा जन्म १९३७ चा, कराचीतला. वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. वासुदेव गायतोंडेही तिथेच काम करत. १९७२ पासून त्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवू लागल्या. आपल्या जळगाव-धुळ्याहून सुरतमार्गे गेलं तर बडोदा फार लांब नाही. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं.

त्यांची चित्रं म्हणजे कागदावर शाईच्या आणि पेन्सिलच्या रेषा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची साधनं, आखीव जाळी, कुठे तिरक्या रेषा, बाकी कागद रिकामा. आणि बहुतेक चित्रांना ना नाव, ना तारीख.

साधारण क्रम असा लावला जातो: आधी निसर्गाची आठवण देणारे आकार, मग १९७० च्या दशकात जाळी, त्यानंतर तिरक्या, तरंगत्या रेषा. इथेच सापळा आहे. ‘जाळी आहे, म्हणजे सत्तरचं दशक’ असं ठरवायचं, आणि मग ‘बघा, सत्तरच्या दशकात त्या जाळीकडे वळल्या’ असं सिद्ध करायचं! हे गोल गोल फिरणं झालं. त्यातून सुटायला चित्राबाहेरचा पुरावा लागतो: प्रदर्शनाचा कॅटलॉग, पत्र, डायरी, विक्रीची नोंद, स्टुडिओतला जुना फोटो.

दुसरा सापळा तुलनेचा. त्याच काळात कोरियात पार्क सो-बो ओल्या रंगावर पेन्सिलच्या रेषा पुन्हा पुन्हा ओढत होते. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर नातं असल्यासारखं वाटतं. पण सारखं दिसणं म्हणजे प्रभाव नव्हे. आपल्या भाषेत, कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे. प्रभाव म्हणायचा तर कोणी, कधी, कुठे, काय पाहिलं ते दाखवावं लागतं. कोरियातल्या त्या चित्रांना ‘दान्सेखवा’ हे नाव तर बऱ्याच नंतर रूढ झालं. नंतरचं लेबल मागच्या काळावर चिकटवताना जपून.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. ‘प्रभाव’, ‘विकास’, ‘यामुळे’ हे शब्द शोधा. प्रत्येकासमोर पुरावा लिहा. सापडला नाही तर शब्द खोडा. मी माझ्या दुसऱ्या प्रकरणात हे केलं, तेव्हा सात ठिकाणी खोडावं लागलं.