बिघाडशोधक (वितरित संगणन)

बिघाडशोधक हा वितरित संगणन प्रणालीतील कोणता संगणक बंद पडला असावा, याचा अंदाज बांधणारा घटक होय. जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांपैकी एखादा बंद पडला, तरी काम अखंड चालावे, अशी दोषसहिष्णू प्रणालीकडून अपेक्षा असते. त्यासाठी झालेला बिघाड आधी उरलेल्यांना कळावा लागतो.

मूळ अडचण

बंद पडलेला संगणक तसे कळवू शकत नाही. त्याचे संदेश थांबतात, एवढेच. मात्र संगणक केवळ संथ झाला असला किंवा मधला दुवा तुटला असला, तरी बाहेरून हेच दिसते. पत्राला उत्तर आले नाही, एवढ्यावरून पत्र टपालात अडकले की घरी कोणी नाही, हे ठरवता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. संदेश पोहोचण्याच्या काळास मर्यादा नसलेल्या प्रणालीस असमकालिक प्रणाली म्हणतात. तीत एकच संगणक बंद पडण्याची शक्यता असली, तरी मतैक्याची हमी देणारी आणि यदृच्छेचा आधार न घेणारी कोणतीही रीत असू शकत नाही, हे फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले.

चुकू शकणारा शोधक

तुषार चंद्रा व सॅम टूएग यांनी १९९६ च्या शोधनिबंधात शोधक चुकू शकतो, हे गृहीतच धरले. त्यांनी दोन कसोट्या मांडल्या. बंद पडलेल्या प्रत्येक संगणकावर कधी ना कधी कायमचा संशय येणे, ही पूर्णता; चालू संगणकावर विनाकारण संशय न येणे, ही अचूकता. यांतील एकटी कसोटी निरुपयोगी आहे, कारण सर्वांवर सदैव संशय घेणारा शोधकही 'पूर्ण' ठरतो. बहुसंख्य संगणक चालू असतील आणि त्यांतील निदान एकावर पुढे कधीतरी कोणीही संशय घेईनासे झाले, तर पूर्णतेच्या जोडीने तेवढी अचूकताही मतैक्यास पुरते, हा या निबंधाचा खरा महत्त्वाचा निष्कर्ष होय. या कार्यासाठी चंद्रा, टूएग व वासोस हाजिलाकोस यांना २०१० चा डायक्स्ट्रा पुरस्कार मिळाला.

व्यवहारातील पद्धती

सर्वांत रूढ पद्धत 'हार्टबीट' अर्थात स्पंदन-संदेशाची आहे. प्रत्येक संगणक ठरावीक अंतराने आपण चालू असल्याचे कळवतो. मुदतीत संदेश न आल्यास त्याच्यावर संशय घेतला जातो. मुदत लहान ठेवल्यास खोटे संशय वाढतात, मोठी ठेवल्यास खरा बिघाड उशिरा कळतो. २००४ मध्ये मांडलेला 'फाय' शोधक हो-नाही असे उत्तर न देता, मागील संदेशांमधील अंतरे पाहून संशयाची पातळी आकड्यात सांगतो. 'अपाची कॅसांड्रा' या विदागारात (डेटाबेसमध्ये) तो वापरला जातो.

चुकीच्या संशयाची किंमत

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील मुख्य विदाकेंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेथील विदागारे चालूच होती. तरीही स्वयंचलित यंत्रणेने मुख्य विदागाराची भूमिका पश्चिम किनाऱ्याकडे सोपवली. परिणामी दोन्हीकडे एकमेकांत नसलेल्या नोंदी साठल्या. सेवा सुमारे २४ तास विस्कळीत राहिली. पुढे, अशी भूमिका एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशाकडे आपोआप जाऊ नये, अशी तरतूद करण्याचे गिटहबने जाहीर केले.