जमीन तुमची, पण खालचा चिरा कुणाचा?

खानापूर, चंदगड, सावंतवाडी किंवा सत्तरीच्या बाजूला जमीन बघायला गेलं की एजंट हमखास सांगतो, "खाली सगळा चिराच आहे, दोन वर्षांत पैसे वसूल." या एका वाक्यावर गुंठ्याचा भाव चढतो. पण खरेदीखत झाले म्हणजे जमिनीच्या पोटातले खनिजही नावावर झाले, असे होत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क सरकारकडे राखून ठेवलेला आहे. कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल कायद्याचे कलम ७० आणि मध्य प्रदेशात १९५९ च्या संहितेचे कलम २४७ याच विषयाचे आहे.

२०१३ मध्ये केरळमधील जमिनींच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कायद्याने काढून घेतला नसेल तर खनिजाचा हक्क जमीनमालकाचाच. हा निकाल एजंट मंडळी कुठेही पुढे करतात. मात्र जिथे कायद्यानेच हक्क राखून ठेवला आहे, तिथे तो कामाचा नाही. शिवाय हक्क मालकाचा असला, तरी खाणकामाला परवानगी लागतेच.

परवाना कुणाचा?

चिरा, मुरूम, खडी, वाळू ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्य सरकार करते. बॉक्साइट, लोहखनिज यांचे पट्टे २०१५ पासून लिलावाने दिले जातात. विनापरवाना उत्खनन केल्यास महाराष्ट्रात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. केंद्रीय कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घराचा पाया खणताना निघालेल्या मातीचे काय? पुण्यातील बांधकामांच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसती माती खणली म्हणून रॉयल्टी लागत नाही. ती माती कशासाठी वापरली, हे पाहावे लागते.

लिझमधली जमीन

दुसऱ्याच्या लिझच्या हद्दीत येणारी जमीन घेतली, तर धोका वेगळाच. लिझधारकाला तिथे कामासाठी प्रवेशाचा हक्क मिळू शकतो. जमीनधारकाच्या वाट्याला भरपाई येते, खनिजातला हिस्सा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातील खाण सवलती १९८७ च्या कायद्याने लिझमध्ये बदलल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिझांचे नूतनीकरण रद्द केले आणि नंतर लिलाव सुरू झाले. डिचोली ब्लॉकच्या वेळी मुळगावच्या लोकांना घरे, देवळे, शेती हद्दीतून वगळा म्हणून भांडावे लागले.

इसार देण्याआधी

- उताऱ्यावरील इतर हक्क आणि बोजा नीट वाचा. महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात आरटीसी, गोव्यात नमुना एक-चौदा.
- सर्व्हे नंबर घेऊन खाण खात्याकडे लेखी विचारा: लिझ, जुना परवाना किंवा लिलावाचा ब्लॉक आहे का?
- जमिनीत जुना खड्डा दिसला तर तो कुणी, कोणत्या परवान्याने काढला, हे विचारा. दंडाची थकबाकी महसुलासारखी वसूल होते.
- मागील उत्खननाची जबाबदारी विकणाऱ्याची, असे खरेदीखतात लिहून घ्या.

खनिजापोटी जादा भाव मागितला, तर परवान्याचा कागद मागा. कागद नसेल, तर भाव फक्त जमिनीचाच द्यावा.