फडक्यात टांगलेलं दही

ग्रीक घरात त्झात्झिकीची, म्हणजे दही-काकडीच्या घट्ट कोशिंबिरीची, तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. दही फडक्यात बांधून टांगायचं, खाली पातेलं ठेवायचं. सकाळपर्यंत हिरवट पाणी निथळून जातं आणि फडक्यात उरतो तो चक्काच. श्रीखंड करणाऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ग्रीक त्याला 'पिशवीतलं दही' म्हणतात.

त्झात्झिकी हे नाव मात्र तुर्की. ग्रीस काही शतकं ऑटोमन अंमलाखाली होता आणि हे नाव तुर्कांच्या 'जाजिक'वरूनच आलं. त्यातला ज 'जीवना'तला. ग्रीक जिभेवर तो 'जवळ'मधला झाला. तुर्की जाजिक बहुतेकदा पाणी घालून सैल केलेलं, वाटीतून चमच्याने खायचं. ग्रीकांनी ते पावाच्या तुकड्यावर उचलता येईल इतकं घट्ट केलं.

ऑटोमन अंमल संपल्यावरही तुर्की वळणाच्या चवी ग्रीसमध्ये येत राहिल्या. ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या शेवटी, सप्टेंबर 1922मध्ये, आजच्या तुर्कस्तानातलं स्मिर्ना शहर जळालं. 30 जानेवारी 1923च्या लोझान करारानं दोन्ही देशांतल्या माणसांची अदलाबदल ठरली, तीही भाषा न बघता, धर्म बघून. त्यामुळे घरात तुर्कीच बोलणारे आनातोलियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये उतरले, तर ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. एकट्या ग्रीसमध्ये सुमारे 12 लाख निर्वासित आले. अथेन्स, पिरेअस, थेसालोनिकीच्या नव्या वस्त्यांत त्यांच्या चुली पेटल्या आणि या शहरांची चवच बदलली.

याच काळात निकोलाओस त्सेलेमेंतेस हा नामांकित आचारी ग्रीक स्वयंपाकातून पूर्वेकडचे मसाले आणि लसूण हटवून फ्रेंच वळण आणू पाहत होता. त्याचा दबदबा एवढा, की ग्रीकमध्ये पाककृतींच्या पुस्तकालाच 'त्सेलेमेंतेस' म्हणतात. लसणीचं दही मात्र त्याला पुरून उरलं.

त्या दह्यातल्या काकडीचं मूळ तर आपल्याकडचं, हिमालयाच्या पायथ्याचं. ती युरोपात रुजली मध्ययुगात. प्राचीन ग्रीक ज्याला काकडी समजून खात, ते खरबुजाच्या जातीचं लांबट फळ होतं.

काकडी आपण कोशिंबिरीसाठी चोचवतो, ग्रीक ती किसतात. मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवतात आणि मग मुठीत घट्ट पिळतात, बोटांतून पाणी गळायचं थांबेपर्यंत. चक्क्यात तो कीस, ठेचलेली लसूण, थोडा व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि बारीक चिरलेला शेपू. पिळण्यात हयगय झाली, तर तासाभरात वाटीच्या कडेला पाणी सुटतं आणि रात्रभर टांगलेलं दही पुन्हा जाजिकासारखं सैल होतं.