मधुमेह तंत्रज्ञान : आरोग्यकर्मींचे प्रगत प्रशिक्षण (उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर)

मधुमेही रुग्णाची साखर मोजणारी आणि त्याला इन्सुलिन देणारी साधने नीट वापरणे, त्यांतून मिळणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणे व त्यानुसार उपचार बदलणे, यांचे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि आहारतज्ज्ञ यांना दिले जाणारे शिक्षण. ग्लुकोमीटर, इन्सुलिन पेन, दंडावर चिकटवायचा सतत साखर मोजणारा सेन्सर (सीजीएम) आणि इन्सुलिन पंप ही त्यातील मुख्य साधने. साधन किती नवे आहे यावर या प्रशिक्षणाचा दर्जा ठरत नाही. आकडा पाहून योग्य निर्णय किती जणांना घेता येतो, यावर तो ठरतो. म्हणूनच त्याची गरज मुंबई-पुण्यातील तज्ज्ञांपेक्षा कल्याणपलीकडच्या या तीन शहरांतील रुग्णालये, दवाखाने आणि औषधदुकाने यांना अधिक आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे; शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के भरले. एवढे रुग्ण तज्ज्ञांकडे जाऊ शकत नाहीत. त्यांचा भार जवळच्या दवाखान्यावरच पडणार. नुसत्या औषधाने भागत नाही, हे अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ‘डीसीसीटी’ या अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवून दिले होते. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील या अभ्यासात, ज्यांच्या डोळ्यांवर सुरुवातीला परिणाम नव्हता त्यांच्यात काटेकोर उपचाराने दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. हा उपचार एकटा डॉक्टर करत नव्हता. परिचारिका आणि आहारतज्ज्ञांसह एक प्रशिक्षित चमू रुग्णाच्या सतत संपर्कात होता. साधनाची धार वाढली की ते हाताळणाऱ्याची तयारीही वाढावी लागते, हा त्यातला धडा आहे.

या परिसरात ही तयारी अगदी साध्या गोष्टीपासून सुरू व्हायला हवी. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने ४० युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेच्या असतात, तर पेनमधील काडतुसे १०० युनिटची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. सरकारी रुग्णालयातून बाटली घेणारा रुग्ण पुढे खासगी डॉक्टरकडे गेला, पेनमधले इन्सुलिन घेऊ लागला आणि पेन बिघडल्यावर त्याने काडतुसातून जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. ही चूक औषधदुकानाच्या काउंटरवर एका प्रश्नाने टळू शकते. रोज एकाच जागी सुई टोचल्याने पोटावर झालेल्या गाठी हाताने चाचपून पाहणे हेही असेच. त्या गाठींत टोचलेले इन्सुलिन कधी कमी लागू पडते, कधी एकदम, आणि डॉक्टर मात्र मात्रा वाढवत राहतात.

स्थानिक माहितीशिवाय चाचण्यांचे वाचनही चुकते. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिले आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे. हिमोग्लोबिनचा असा दोष किंवा रक्तक्षय असेल, तर ‘तीन महिन्यांची साखर’ सांगणारी एचबीए१सी चाचणी फसवी ठरू शकते. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा सेन्सरचा आलेख पाहावा लागतो. तो आलेख वाचणे हे खरे कौशल्य. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढ रुग्णांची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ. पण सकाळी नऊचा उंचवटा दाल-पकवानाच्या न्याहारीचा की अपुऱ्या मात्रेचा? दुपारचा उतार बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याच्या लांबलेल्या जेवणाचा की जास्त इन्सुलिनचा? मध्यरात्रीची घसरण खरी की सेन्सरच्या दंडावर झोपल्याने दाब पडून आलेली? सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती काही मिनिटे मागे असते, हे ठाऊक नसेल तर नको तो उपचार होतो.

सेन्सर महाग आहे, मग हे शिक्षण श्रीमंतांपुरतेच, असा आक्षेप घेतला जातो. चौदा दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात हे खरे. पण उपचार अडला असताना एकदाच लावलेला सेन्सरही पुष्कळ सांगून जातो. जो रुग्ण तो एकदाच घेऊ शकतो, त्याचे वाचन वाया जाऊ नये म्हणून तर वाचणारा तयार हवा. कंपन्या प्रशिक्षण देतातच, हा दुसरा आक्षेप. त्या आपले यंत्र उत्तम शिकवतात. पण या रुग्णाला ते नकोच, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. पुढे स्वयंचलित पंप सारे करतील, हा तिसरा. पंपात केवळ जलद इन्सुलिन असते. नळी तुंबली तर काही तासांत रक्तात कीटोन साचू लागतात. ते ओळखणारा माणूस जवळच्याच रुग्णालयात लागतो.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेले अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात अशा शिक्षणाची साखळी उभी राहू शकते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक लागतातच. त्यांतले काही या विषयाला जोडावेत आणि त्याच वर्गात परिचारिका व औषधनिर्मात्यांनाही बसवावे. परीक्षा व्याख्यानावर नको. खऱ्या आलेखांवर आणि रुग्णाच्या हातातल्या सिरिंजवर ती घ्यावी. वर्षभरात मात्रेच्या चुका आणि साखर उतरून दाखल होणारे रुग्ण घटले, तरच प्रशिक्षण यशस्वी मानावे. प्रमाणपत्रांच्या संख्येवरून तसा निष्कर्ष काढू नये.